एका सकाळपुरते अप्पा

दावणगिरी
११ फेब्रुवारी १९९४

अक्का, शरणु.

भावोजींना म्हैसूरहून एका सकाळपुरतं माझ्याकडे पाठवशील का? आधी हेच विचारून टाकते. नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल.

चैत्राला जूनमध्ये पहिलीत घालायचं आहे. मला ती कॉन्व्हेंटमध्येच जायला हवी आहे. पण तिथं मुलांआधी आईबापांची परीक्षा घेतात. दोघांना समोर बसवून सिस्टर इंग्रजीत प्रश्न विचारतात. आमच्या समोरच्या टेलर पुट्टस्वामींच्या मुलीला मागच्या वर्षी घेतलं नाही. पोरीला सगळं येत होतं. सिस्टरनी बापाला काहीतरी विचारलं, तर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तिथंच संपलं.

आमच्याकडे काय आहे ते तुला ठाऊक आहे. चैत्राचे अप्पा दहाव्या वर्षापासून तव्यासमोर उभे आहेत. आज लोणी डोसा म्हटला की अर्धं गाव आमच्याच हॉटेलात येतं, कलेक्टरांच्या घरून माणूस डबा घेऊन येतो. पण चौथीनंतर शाळा नाही. सही करतात तीही डोसा पसरल्यासारखी, मधून सुरू करून बाहेर. मी एस.एस.एल.सी. झालेली, पण कन्नडमधून. इंग्रजी वाचते, बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

चित्रदुर्गच्या लग्नात तुझी सिंधू आणि प्रमोद पंगतीत आपसात इंग्रजीत बोलत होते. चैत्रा मध्ये बसली होती. एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. मग मला म्हणाली, "अव्वा, ते माझ्यासमोर काय लपवतायत?" तू ऐकलंस आणि मुलांना रागावलीस. तू चांगलीच आहेस अक्का. पण मला त्यांच्या बोलण्यापेक्षा तुझं रागावणं जास्त लागलं.

भावोजींनी काही करायचं नाही. घरातलं मोठं माणूस म्हणून माझ्या शेजारी बसायचं आणि दोन शब्द बोलायचे. कॉलेजात रोज शिकवताना बोलतात त्यातलेच दोन. ७ मार्चला सोमवारी सकाळी मुलाखत आहे. चैत्राच्या अप्पांना मी सांगितलंय की मुलाखत फक्त आयांची असते. म्हणून तू त्यांना यातलं काही कळवू नकोस.

तुझी,
विशाला


दावणगिरी
९ मार्च १९९४

अक्का, शरणु.

चैत्राला प्रवेश मिळाला. काल फलकावर नाव लागलं.

भावोजींनी तुला काय सांगितलं, किती सांगितलं, ते मला माहीत नाही. म्हणून मीच लिहिते.

रिक्षात बसल्यावर मी त्यांना म्हणाले, "सिस्टरनी तुम्हाला चैत्राचे वडील समजलं तर समजू द्या. खोडून काढू नका." त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "विशाला, घरातलं मोठं माणूस म्हणून बसायचं असं ठरलं होतं ना?" मी म्हणाले, "घरातलंच माणूस आहात." त्यांनी चष्मा पुन्हा लावला, पण रिक्षातून उतरले नाहीत.

चैत्राला आदल्या दिवशी समजावलं होतं. ती त्यांना दोड्डप्पा म्हणते. मी म्हणाले, दोड्डप्पा म्हणजे तरी काय, मोठे अप्पाच. उद्या फक्त अप्पा म्हण. त्या शाळेत तर डॅडीच म्हणतात. तिनं विचारलं, "मग आपले अप्पा?" मी म्हणाले, "आपले अप्पा घरातले. हे शाळेतले." तिला ते पटलं. मुलांना शाळेतलं सगळंच वेगळं असतं, दप्तर वेगळं, बूट वेगळे, तसंच हे.

सिस्टर लूर्दिना मोठ्या आहेत तिथल्या. त्यांनी फाइल उघडून चैत्राच्या अप्पांचं नाव घेतलं, "मिस्टर हालेशप्पा?" भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चैत्राची रिबीन नीट करत होते. मग ते "येस, सिस्टर" म्हणाले. काय करता विचारल्यावर खाद्यपदार्थांच्या व्यवसायात आहे म्हणाले. इंग्रजीत ते फार मोठं वाटलं. नंतर दोघं पुस्तकांबद्दल, म्हैसूरच्या हवेबद्दल बोलत राहिले. सिस्टर हसल्या. चैत्राला त्यांनी एकच प्रश्न विचारला, फुलाचा रंग कोणता. मला काहीच विचारलं नाही.

परत येताना भावोजी हॉटेलात आले. चैत्राच्या अप्पांनी त्यांना आतल्या टेबलावर बसवलं, स्वतःच्या हातानं डोसा केला, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाले, "सर, म्हैसूरला राजवाडा असेल, पण असं लोणी नाही." भावोजींनी अर्धा डोसा तसाच ठेवला. बस चुकेल म्हणून निघाले. बस दुपारची होती, अक्का. मला माहीत आहे.

रागावली असशील तर रागाव. पण पत्र लिही.

विशाला


दावणगिरी
२ जुलै १९९४

अक्का,

मार्चपासून तीन पत्रं पाठवली, तुझं एकही नाही. दुकानात फोन केला असतास तरी चाललं असतं. चैत्राचे अप्पा विचारतात, "अक्कांचं काय चाललंय? रुसल्यात का?" मी म्हणते, मुलांच्या परीक्षा असतील. आत्ता कुठल्या परीक्षा, हे त्यांना कळत नाही, हे एक बरं आहे. हे वाक्य लिहिलं आणि माझंच मला कसंतरी झालं. खोडत नाही, राहू दे.

शाळा सुरू झाली. निळा पिनाफोर, पांढरे मोजे. गणवेश कोण शिवतं माहीत आहे? पुट्टस्वामी. त्या शाळेचे सगळे गणवेश तेच शिवतात. चैत्राचं माप घ्यायला गेले तेव्हा त्यांची पोर पायरीवर पाटी घेऊन बसली होती. सरकारी शाळेत जाते आता. पुट्टस्वामी चैत्राच्या खांद्यावर टेप धरून म्हणाले, "बरं झालं विशालक्का. हालेशण्णा कसे काय बोलले हो तिथं? मला तर घाम फुटला होता." मी म्हणाले, "त्यांनी फार काही विचारलंच नाही." ते म्हणाले, "नशीब असतं एकेकाचं." आणि शिवण दोन बोटं जास्त सोडली, पोर वाढेल म्हणून. लोक माझ्याशी इतके चांगले का वागतात तेच कळत नाही.

शाळेत सोडायला मी जाते. चैत्राच्या अप्पांची ती तव्याची वेळ. पहिल्या दिवशी मात्र कामाच्या पोऱ्याला तव्यापाशी उभं करून यायला निघाले होते. अंगावर कामाचाच बनियन, कमरेशी लुंगी खोचलेली. मी म्हणाले, "पहिल्या दिवशी बाप दिसला की मुलं रडतात, सिस्टरनी सांगितलंय." ते म्हणाले, "असं असेल तर नको," आणि लुंगीला हात पुसून परत आत गेले.

तू आत्ता काय म्हणत असशील ते मला ऐकू येतं.

विशाला


दावणगिरी
१८ नोव्हेंबर १९९४

अक्का,

तू उत्तर देत नाहीस हे आता मी धरूनच चालले आहे. तरी लिहिते. इथं सांगायला कोणी नाही.

बालदिनाला शाळेनं मुलांना डोसे द्यायचे ठरवले. शाळेच्या समितीवर वकील हिरेमठ आहेत, त्यांनी आमच्या हॉटेलचं नाव सुचवलं. गावात दुसरं कोणतं सुचवणार? चैत्राचे अप्पा स्वतः जाऊन सगळं ठरवून आले. मी म्हणाले, "नका घेऊ हे काम. दुकानात त्या दिवशी गर्दी असते." ते म्हणाले, "माझ्या पोरीच्या शाळेला नाही म्हणू?" मग नवीन तवा काढला, नवीन बनियन आणला. काम ठरवून आल्यापासून जरा गप्प गप्प होते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या शाळेत काम करायचं म्हणून दडपण आलं असेल.

सोमवारी शाळेच्या मैदानात चिंचेखाली चार तवे लावले. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिले. दुपारी ते आले, पाय धुतले, झोपाळ्यावर बसले आणि हसत म्हणाले, "आज तुझ्या लेकीनं मला अंकल म्हटलं."

मी भांडी आवरत होते.

"रांगेत ताट घेऊन आली. ताट पुढं केलं, म्हणाली, वन डोसा प्लीज अंकल. मी दिला. थँक्यू अंकल म्हणाली. इंग्रजी पक्कं झालंय पोरीचं."

मी म्हणाले, "तिथं सगळ्यांनाच अंकल म्हणायला शिकवतात."

ते म्हणाले, "असेल." आणि आडवे झाले.

अक्का, मी तिला असं काही शिकवलं नव्हतं. मुलं शाळेत बावरतात, तोंडाला येईल ते बोलतात. एवढंच झालं असेल.

विशाला


दावणगिरी
९ डिसेंबर १९९४

अक्का,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शिकवलं होतं. बालदिनाच्या सकाळी वेणी घालताना तिला म्हणाले, "आज शाळेत आपले अप्पा दिसतील. पण ते घरातले अप्पा आहेत ना? म्हणून शाळेत त्यांना अप्पा म्हणायचं नाही." तिनं विचारलं, "मग काय म्हणू?" मी म्हणाले, "इतर मुली जे म्हणतील ते."

काल सिस्टर लूर्दिनांनी मला बोलावलं. मला वाटलं, सगळं बाहेर आलं. पण त्या चैत्राची काळजी करत होत्या. बालदिनापासून पोर वर्गात बोलत नाही म्हणाल्या. त्या दिवशी डोसा घेऊन झाडामागं गेली आणि रडत बसली. खाल्ला नाही. सारखी तव्याकडे बघत होती. म्हणून सिस्टर तव्याजवळ गेल्या आणि त्यांनी विचारलं, "अण्णा, ही मुलगी तुमच्या ओळखीची आहे का?"

"तो माणूस फार चांगला," सिस्टर मला सांगत होत्या. "म्हणाला, 'आमच्या गल्लीतली आहे सिस्टर. आमच्याकडचा डोसा तिला आवडतो, आणखी एक हवा असेल.' आणि त्यानं एक छोटा डोसा केला, लोणी घातलं आणि माझ्याच हाती तिच्यासाठी पाठवला."

मी समोर बसले होते, अक्का. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. मी म्हणाले, "हो, गल्लीतच आहेत ते." आणि उठून आले.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा ते घरी असतात. मी विचारलं, "सिस्टरना तुम्ही गल्लीतली मुलगी म्हणून सांगितलंत?"

ते सुपारी कातरत होते. "मग काय सांगायला हवं होतं? हालेशप्पा तर चष्मेवाले आहेत. उंच. इंग्रजी झकास."

मी म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काम ठरवायला गेलो तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "सिस्टर म्हणाल्या, आमचे एक पालकही तुमच्याच धंद्यातले आहेत, मिस्टर हालेशप्पा, उंच, चष्मेवाले, ओळखता का? मी म्हटलं, नावानं ऐकून आहे. माझं नाव विचारलं, तर सांगितलं, हॉटेलात सगळे अण्णाच म्हणतात."

"मला तेव्हाच का नाही बोललात?"

"तू मला सांगितलं होतंस का?" आवाज जराही चढला नाही. तो चढला असता तर मला रडता आलं असतं. "विशाला, मी शाळेत आलो असतो तर हिला घेतलं नसतं, हे मला कळत नाही का? पुट्टस्वामीचं काय झालं, ते मी बघितलं नाही का? तू म्हणाली असतीस, तुम्ही नका येऊ, सरांना नेते, तर मीच सरांना बस स्टँडवरून घेऊन आलो असतो. माझा शर्ट दिला असता त्यांना घालायला."

मग म्हणाले, "पण तू मला विचारायलाही लाजलीस."

खरंच लाजले होते. त्यांना विचारायची नव्हे, त्यांचीच लाज वाटत होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीच इथं लिहिते.

चैत्रा हल्ली त्यांना हाकच मारत नाही. अप्पा म्हणत नाही, अंकलही नाही. काही हवं असलं की जाऊन त्यांच्या बनियनचं टोक ओढते. तेही वळून बघतात आणि काय हवं ते देतात. दोघंही जणू काही वेगळं झालंच नाही असं वागतात. मला घरात बघवत नाही.

विशाला


दावणगिरी
२९ जानेवारी १९९५

अक्का,

संक्रांतीला चैत्रानं तीळगुळाचा एळ्ळू-बेल्ल वाटला, सगळ्यांच्या हातावर. अप्पांपाशी गेली, वाटी पुढे केली, आणि तोंडातून शब्द निघेना. तशीच उभी राहिली. शेवटी त्यांनीच तिच्या वाटीतून चिमूटभर उचलला. त्यानंतर आठवड्यानं मी शाळेत गेले आणि सिस्टरना सगळं सांगितलं. कन्नडमध्ये. इंग्रजीत जमलं नसतं, आणि इंग्रजीत सांगायची ती गोष्टही नव्हती.

सिस्टरनी चैत्राची फाइल काढून समोर ठेवली. मग म्हणाल्या, "आम्ही नाकारलं असतं असं तुम्हाला वाटलं म्हणून हे केलंत."

"हो."

"नाकारलंच असतं. तुमच्याशी खोटं नाही बोलणार." मग म्हणाल्या, "आधीच्या वर्षी एका टेलरच्या मुलीला मी परत पाठवलं. तिचे वडील खोटं बोलले नव्हते. त्यांची मुलगी बाहेर आहे, आणि तुमची आत. यातलं मी काय दुरुस्त करू, सांगा?"

तुझ्याजवळ कबूल करते, मनात एवढंच होतं की सिस्टर चैत्राला काढणार तर नाहीत ना. पुट्टस्वामींच्या पोरीचा विचार मी रस्त्यावर आल्यावर केला.

सिस्टर म्हणाल्या, "शनिवारी दोघं या. मुलीला आणा. मी सगळ्यांना विचारते तेच विचारेन."

चैत्राचे अप्पा आधी नाही म्हणाले. "मी गल्लीतली मुलगी म्हणून सांगून आलोय. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी चैत्रा त्यांच्या बनियनचं टोक ओढून लोणचं मागत होती, ते बघून म्हणाले, "येतो. हिला मला काय म्हणायचं ते तरी कळू दे."

काल गेलो. त्यांनी पांढरा शर्ट घातला, जो लग्नकार्यात घालतात तो. निघताना मी जवळ जाऊन कॉलर नीट केली. अक्का, कॉलर नीटच होती. तव्याचा, तुपालोण्याचा वास येतोय का ते मी बघत होते. येत होता.

सिस्टरनी इंग्रजीत विचारलं. मला ते समजलं होतं. पण चैत्राचे अप्पा माझ्याकडे वळलेच नाहीत. ते चैत्राकडे वळले आणि म्हणाले, "काय म्हणतात गं सिस्टर?"

चैत्रा मोज्याचं इलॅस्टिक ओढत होती. बाहेरचा वर्ग पाढे म्हणत होता.

"तुम्ही काय काम करता, असं विचारतायत, अप्पा," ती म्हणाली.

"सांग मग. मी डोसे करतो."

तिनं इंग्रजीत सांगितलं. सिस्टरनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून कन्नडमध्ये म्हणाल्या, "त्या दिवशी मला म्हणालात, गल्लीतली मुलगी आहे."

ते म्हणाले, "गल्लीतलीच आहे सिस्टर. माझ्या घरातली, एवढं सांगायचं राहिलं."

सिस्टर हसल्या नाहीत, पण त्यांनी फाइल मिटली. "मुलगी इथंच शिकेल," म्हणाल्या. "चूक तिची नाही. पण त्या प्रोफेसरांना सांगा, पुन्हा माझ्या शाळेत पाऊल ठेवायचं नाही." हा निरोप भावोजींना द्यायचा की नाही, ते तू ठरव. पुट्टस्वामींबद्दल त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांनाही पोरीला घेऊन या असा निरोप पाठवतील असं मला वाटलं होतं. अजून तरी पाठवलेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

इथं पत्र संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तुला अर्धं सांगूनच मी इथवर आणलंय.

शनिवारी शाळा लवकर सुटते. बाहेर पडलो तेव्हा फाटकाशी सगळ्या आया उभ्या होत्या, हिरेमठ वकिलांची बायको, डॉक्टरीणबाई, गाड्या, ड्रायव्हर. चैत्रा अप्पांचा हात धरून पुढे चालली होती आणि सारखी बोलत होती. सगळ्या वाक्यांना अप्पा लावत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं. आणि मी, अक्का, मागे राहिले. चपलेचा अंगठा तुटल्यासारखं केलं, वाकले, उभी राहिले, पदर सारखा केला. मधे चांगलं अंतर पडलं. कोणी पाहिलं असतं तर मी त्यांच्याबरोबरची आहे असं वाटलं नसतं.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. चालणं मात्र हळू केलं, मी येऊन गाठावं म्हणून. तर मी आणखी हळू झाले.

हिरेमठांच्या बायकोनं मला विचारलं, "चैत्राबरोबर कोण आहेत हो? डोसेवाले अण्णा ना ते?"

"तिचे अप्पा," मी म्हणाले. म्हणाले खरं. पण त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले.

संध्याकाळी ते दुकानातून आले, जेवले, चैत्राकडून शाळेतलं गाणं म्हणून घेतलं. फाटकापाशी काय झालं तो विषय त्यांनी काढला नाही, पुढेही काढणार नाहीत. म्हणून तुला लिहिते आहे. त्यांना मी सांगू शकत नाही, कारण त्यांना ते माहीत आहे.

विशाला